अ अननसाचाच कशाला?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात गिरवायची वही देऊ नका. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार. लंगोट सोडवणे आणि भाज्या न खाणे हे विषय पुढच्या महिन्यात, पळून जात नाहीयेत ते.

ताई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. भिंतीवर मुळाक्षरांचा मोठा तक्ता लावलाय, रोज रात्री झोपायच्या आधी म्हणून घेते. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत तिला सगळं पाठ आहे, पाहुण्यांसमोर धडाधड म्हणून दाखवते. पण मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं की काहीही ठोकून देते. गिरवायची वही आणली तर पेन्सिल फेकली. समोरच्या बिल्डिंगमधला तिच्याच वयाचा मुलगा एबीसीडी लिहितो म्हणे. माझं काय चुकतंय?
– एक आई, डोंबिवली

अगं, तिला तक्ता येत नाहीये, तिला गाणं येतंय. आपण लहानपणी शुभंकरोती म्हणायचो तेव्हा ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ म्हणजे काय ते कुणाला कळत होतं? पण म्हणायचो की नाही ठसक्यात. तसंच आहे हे. गाणं पाठ होणं वाईट नाही, कानाला ओळख होते, फक्त त्याला अक्षरओळख समजू नकोस एवढंच.

आता त्या तक्त्याकडेच जरा बघ. अननस तुझ्या घरी वर्षातनं किती वेळा येतो? बरं अननस तरी ज्यूसच्या दुकानावर दिसतो, पण ईडलिंबू? उखळ? ऐरण? औत? मी स्वतः ऐरण पहिल्यांदा पाहिली तेव्हा चौथीत होते, शाळेच्या मागे एक लोहार बसायचा म्हणून, नाहीतर अजूनही पाहिली नसती. तुझ्या लेकीसाठी ‘ऐ’ हे एक न समजणारं चित्र आणि त्याच्या शेजारी दुसरं न समजणारं चित्र, असं आहे ते. म्हणून आधी तिचा स्वतःचा तक्ता कर. जुन्या कॅलेंडरची पाठची बाजू घे, त्यावर आजीचा फोटो चिकटव आणि मोठा ‘आ’ काढ, घराचा फोटो लाव आणि ‘घ’, नळाचा ‘न’, वरणाच्या वाटीचा ‘व’, बसचा ‘ब’. एका वेळी चार-पाच, जास्त नको. आणि त्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर पाहिजेच, कारण नाव ही या वयात जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते. तिच्या चपलेवर, खुर्चीवर, पाण्याच्या बाटलीवर ते अक्षर लिहून ठेव, आठ-दहा दिवसांत ते दुसरीकडे कुठे दिसलं तर ‘माझं!’ म्हणून ओरडते की नाही बघ.

शब्द निवडताना एक पथ्य पाळ. अक्षर दाखवायचं असेल तेव्हा ज्यांच्या पहिल्या अक्षराला काना-मात्रा नाही असे शब्द घे. पोळी तिच्या कितीही आवडीची असली तरी तिथे तिला ‘पो’ दिसणार, आणि तू ‘प’ दाखवणार, मग ती गोंधळणार. पतंग, पणती, कप, घर, नळ, वरण, फणस, बस, मगर हे चांगले. नुसता कानाचा खेळ असेल तर मात्र पोळीच काय, पोपट, पेरू, पाणी सगळं चालतं, कारण तिथे फक्त ओठ मिटून येणारा आवाज ओळखायचाय. आणि खरं सांगू का, सव्वादोनला कानाचाच खेळ जास्त खेळ. भाजी निवडताना म्हणायचं, माझ्या टोपलीत आहे क्‌क्‌क्‌ कांदा, क्‌क्‌क्‌ काकडी आणि... टोमॅटो! टोमॅटोला ती हसली की समज काम झालं. नाही हसली तर महिन्याभराने परत.

आता वही. मुलांचा हात खांद्यापासून तयार होत होत बोटांपर्यंत येतो, उलटा नाही. साधारण दोनच्या सुमाराला उभी रेघ बघून काढता येते, तीनच्या आसपास गोल, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, आणि पाचपर्यंत स्वतःच्या नावातली काही अक्षरं काढता यायला लागतात. थोडं मागेपुढे होतंच. आता आपला ‘क’ घे. डावीकडे बंद गोल, मध्ये उभा दांडा, उजवीकडे खाली वळणारा आकडा आणि डोक्यावर रेघ. जिला अजून एक गोल नीट बंद करता येत नाही तिला आपण हे ठिपक्यांवरून गिरव म्हणतोय, मग ती पेन्सिल फेकणार नाही तर काय करणार? समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं म्हणशील तर मी त्याला पाहिलेलं नाही, पण अठ्ठावीस वर्षं बालवाडीत काढल्यावर एवढं सांगू शकते की सव्वादोनचं मूल एबीसीडी लिहितं म्हणजे बहुतेक वेळा ते रेघा मारतं आणि आई त्यांना नावं देते.

वही वर्ष-दीड वर्ष माळ्यावर टाक. त्याऐवजी हात तयार होईल असं काहीतरी करू दे. मटार सोलणं, कणीक तिंबणं, कपड्यांना चिमटे लावणं, ओला स्पंज पिळणं, कोथिंबीर निवडणं (निवडलेली कोथिंबीर तुला परत निवडावी लागेल, इलाज नाही).

अक्षरांच्या क्रमाचंही सांगून टाकते, कारण बऱ्याच जणींनी विचारलंय. अ ते ज्ञ हा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलाय, कंठापासून ओठांपर्यंत, फार हुशार रचना आहे ती, पण दोन वर्षांच्या मुलासाठी केलेली नाही. ओळखायला शिकवताना एकमेकांपासून अगदी वेगळी दिसणारी अक्षरं एकत्र घ्यायची, म्हणजे ‘ग’ आणि ‘ठ’ आणि ‘क’. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या चुकूनही एका दिवशी नकोत, मोठ्यांचेही डोळे फसतात तिथे. लिहायला शिकवताना मात्र बरोबर उलट करायचं, सारख्या वळणाची एकत्र, व-ब-क, र-स-ख, ट-ठ-ढ, ग-म-भ, म्हणजे हाताला एक वळण बसलं की तीन-चार अक्षरं पदरात पडतात. पण ते चार-साडेचारनंतर.

नातू तीन वर्षांचा आहे, सुट्टीत आमच्याकडे असतो. माझे आजोबा धूळपाटीवर शिकले होते असं आम्ही ऐकलंय. मी त्याला ताटात रांगोळी पसरून त्यावर बोटाने अक्षरं काढायला शिकवत होते, तर सूनबाई म्हणाल्या रांगोळी नको, ती नाकातोंडात जाते. यात चूक काय ते सांगा. आणि दसऱ्याला पाटीपूजन झाल्यावरच अक्षराला सुरुवात करावी ना?
– एक आजी, सातारा

आजी, तुमची कल्पना सोळा आणे बरोबर आणि सूनबाईही बरोबर. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचा भुगाच, बारीक उडतो, आणि ही मुलं ताटावर तोंड टेकवूनच बसतात. त्याऐवजी जाडा रवा घ्या. लहान परात, तळाला गडद रंगाचा घोटीव कागद, त्यावर दोन वाट्या रवा, थर अगदी पातळ, म्हणजे बोट फिरवल्यावर खालचा रंग दिसला पाहिजे. तो रंग असा दिसायला लागला ना की मुलाच्या तोंडावर जे येतं ते बघायलाच मी इतकी वर्षं ही नोकरी केली. चुकलं तर परात हलवली की झालं, खोडरबर नको आणि चूकही दिसत नाही. तांदळाची पिठी उडते, तीही नको. खेळ झाला की रवा डब्यात भरून त्यावर ‘खेळाचा’ असं लिहून ठेवा, आमच्याकडे एकदा त्याचा शिरा झाला होता.

रव्याच्या आधी खरखरीत अक्षरं करा, त्याचा फार उपयोग होतो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो, बारीक दाण्याचा, १५० नंबरचा चालेल. त्याची तळहाताएवढी अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि जिथून अक्षर सुरू होतं तिथे कुंकवाएवढा लाल ठिपका द्यायचा, स्केचपेनने. नातवाने पहिली दोन बोटं त्यावरून फिरवायची आणि फिरवताना तुम्ही फक्त आवाज म्हणायचा, ‘ग’. ‘ग गवताचा, गाढवाचा, काय रे कुणाचा, सांग बघू’ असली उलटतपासणी नको. आधी अंग, मग दांडा, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. डोळ्यांनी बघून जे राहत नाही ते बोटाच्या टोकाने राहतं. ही युक्ती मारिया माँटेसरी बाईंची, त्यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं त्या सुरुवातीच्या दिवसांतली.

पण रोमपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडं साहित्य कुठनं आणणार, तर शिंपले, बिया, पानं, दगड, काड्या जे हाताशी होतं त्यातनंच त्यांनी सगळं शिक्षण उभं केलं. ऑनलाइन हजार-दोन हजारांचा लाकडी अक्षरांचा सेट मागवण्याआधी मला नेहमी कोसबाड आठवतं. सेट वाईट नसतो, पण मूल बहुधा खोक्याशी खेळतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. चिंचोके, मूग, चवळी, मणी यांची अक्षरं सजवायची असतील तर मूल तुमच्या नजरेसमोर पाहिजे, आणि तीनच्या आतलं असेल तर नकोच. आमच्या बालवाडीत एका पोरीने मूग नाकात घातला होता, दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही, आणि मूग ओलाव्याने फुगतो, शेवटी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्यावं लागलं. चूक आमचीच होती, दहा मुलांना एकदम वाट्या देऊन मी फोन घ्यायला गेले होते.

पाटीपूजनाचं म्हणाल तर जरूर करा. एक-एक आकड्यांची सरस्वती तुम्ही काढा, त्याला हळदकुंकू वाहू द्या, त्याचं बोट धरून तांदळात ‘श्री’ काढा, छान वाटतं घरात. पण दसऱ्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन बसवायचंही नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी यायला सात वाजतात. मला चित्रकला, क्राफ्ट यातलं काहीही येत नाही. मुलगा अडीच वर्षांचा. टॅबवर एक अक्षरांचं ॲप टाकून दिलंय, त्यात तो सगळी अक्षरं बरोबर ओळखतो, पण पुस्तकात तीच दाखवली तर ओळखत नाही. असं का होतं? आणि रोज अर्ध्या तासात काय करता येईल?
– एक बाबा, नाशिक

तो अक्षर ओळखत नाहीये हो, तो ‘हिरवं, वरच्या कोपऱ्यातलं, दाबलं की बेडूक ओरडतो ते’ ओळखतोय. ॲपमध्ये ‘ब’ नेहमी त्याच रंगात, त्याच जागी, त्याच आवाजाबरोबर येतो. पुस्तकातला काळा ‘ब’ त्याच्यासाठी परका आहे. परत काचेवर बोट फिरवताना सगळं एकसारखं गुळगुळीत, हाताला काही कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि कमी तेवढी बरी, असं सांगितलंय. तुमच्या घरी टीव्ही, आजीचा मोबाईल आणि जेवतानाचं कार्टून धरून तो तास कधीच संपलेला असणार. मी ॲपवाल्यांची शत्रू नाही, पण ॲपने अक्षर शिकला हे समाधान तुमचं आहे, त्याचं नाही.

क्राफ्ट येत नाही हे एका अर्थी बरंच आहे, का ते शेवटच्या प्रश्नात येईलच. तुम्हाला एक मास्किंग टेप लागेल फक्त, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, फरशीवरनं डाग न पडता निघतो. घरी आलात की हॉलच्या फरशीवर त्याचा मोठ्ठा ‘ग’ काढा, तीन-चार फुटांचा. हा गाडीचा रस्ता. त्याच्या सगळ्या गाड्या काढा आणि लाल ठिपक्यापासून रस्त्यावरून चालवायच्या, तुम्ही पोलीस. गाडी उलटी आली तर वन वे आहे म्हणून पावती फाडायची. अक्षराची दिशा त्याला यातनंच कळते आणि कुणी शिकवतंय हे कळतही नाही. आठवडाभर तोच ‘ग’ राहू दे, येताजाता त्याच्यावरनं चालेल, उड्या मारेल, आजोबा अडखळतील. पुढच्या आठवड्यात दुसरं.

पोळ्या चालू असतील तेव्हा कणकेचा एक गोळा त्याला. लांब साप करायचा, सापाचा ‘ट’ करायचा, तव्यावर टाकून भाजून खायचा. अक्षर खाल्लं की ते आपलं होतं अशी माझी एक अशास्त्रीय समजूत आहे. टिकाऊ गोळा पाहिजे असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर तुरटीची पूड आणि लागेल तसं कोमट पाणी, हळद किंवा बिटाचा रस घालून रंग, फ्रीजमध्ये घट्ट डब्यात आठवडाभर राहतो. पण हा गोळा खायचा नाही, मीठ फार आहे, आणि अजून सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर आपली साधी पोळीची कणीकच बरी.

रविवारी गच्चीवर किंवा गॅलरीत एक बादली पाणी आणि भिंत रंगवायचा जुना ब्रश. फरशीवर पाण्याने अक्षर काढायचं आणि ऊन ते कसं खाऊन टाकतं ते बघत बसायचं. यात पसारा शून्य, खर्च शून्य, आणि खांद्यापासून अख्खा हात हलतो. शिवाय बाहेर पडलात की पाट्या आहेतच, एसटीवर ‘नाशिक’ लिहिलेलं असतं, त्याच्यातला ‘न’ शोध म्हणायचं. ‘ना’ आहे तो, पण कान्याला कान्याच्या जागी उभं राहू दे. वीस मिनिटं झाली तरी पुरे, अर्धा तास कशाला, कंटाळायच्या आधी थांबलात की दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून टेप घेऊन दारात उभा राहतो.

आम्ही बंगळुरूला असतो. मुलगी तीन वर्षांची, तिच्या प्लेस्कूलमध्ये फोनिक्स, म्हणजे आवाजावरून इंग्रजी अक्षरं, शिकवतात. घरी आम्ही मराठी बोलतो आणि तिला मराठी अक्षरंही यावीत असं वाटतं, पण सगळे म्हणतात दोन्ही एकदम केलं तर गोंधळ होईल. इथे जे तक्ते मिळतात ते हिंदीचे आहेत, तेच वापरले तर चालतील का?
– एक आई, बंगळुरू

गोंधळ मुलांचा होत नाही, आपला होतो. बंगळुरूतल्या मुलांच्या कानावर दिवसातनं तीन-चार भाषा पडतात आणि ती वॉचमनशी कन्नड, आजीशी मराठी बरोब्बर बोलतात. लिपीचंही तसंच. उलट तुझं काम सोपं आहे, कारण फोनिक्समध्ये जे मुद्दाम शिकवावं लागतं ते देवनागरीत आयतं आहे. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘डब्ल्यू’ आणि आवाज ‘व’, त्या दोघांचा काही संबंध तरी आहे का? आपल्याकडे ‘व’चं नाव ‘व’ आणि आवाजही ‘व’च. फक्त जागा वेगळ्या ठेव, फ्रीजवर इंग्रजी तर कपाटावर मराठी, आणि मराठीचं जमलं तर एकाच माणसाबरोबर, एका ठरलेल्या वेळी, आजीच्या व्हिडिओ कॉलवर म्हणालीस तरी उत्तम.

हिंदीचा तक्ता मात्र मी नाही घेणार. पहिलं म्हणजे त्यात ‘ळ’ बहुतेक वेळा नसतोच, आणि ‘ळ’ नसेल तर बाळ, कमळ, फळा, कावळा, डोळे सगळं गेलं की. (ती आत्ता ‘कावला’ म्हणत असेल तर म्हणू दे, र आणि ळ जिभेला उशिरा येतात.) दुसरं, ‘ल’ आणि ‘श’. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, हिंदीत छापतात ते वेगळ्या वळणाचे. मराठीच्या सरकारी वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श हेच धरलेत, पण मोबाईलवरच्या कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं, त्यामुळे प्रिंट काढताना बघून काढ. तिसरं, ॲ आणि ऑ. २००९ च्या शासन निर्णयाने हे दोन स्वर वर्णमालेत रीतसर आले आणि एकूण वर्ण ५२ धरले गेले. तुझ्या लेकीला ‘ऐ’ची ऐरण नाही कळणार, पण ‘ॲ’चा ॲपल नक्की कळेल, आमच्या पिढीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरी.

एक गंमत तुझ्या लक्षात आली असेल, नसेल तर लेक आणून देईल. आपला ‘च’ एकच, पण चिमणीतला वेगळा आणि चाकातला वेगळा. ‘झ’ तसाच, झाड आणि झेंडा म्हणून बघ. मुलाने विचारलं तर सांगायचं की हा एकच मुलगा दोन आवाजात बोलतो. शिकवायला जाऊ नकोस, घरात मराठी बोलणं चालू आहे ना, मग कानाने येतं ते, तिथे तक्त्याचा उपयोग नाही.

मुलगा पावणेतीनचा आहे, सगळं डाव्या हाताने करतो. सासूबाई म्हणतात अक्षरं तरी उजव्या हाताने काढायची सवय आत्तापासून लावा. लावू का?
– एक सून, कोल्हापूर

नको. डावरेपणा ही सवय नाही, ठेवणच तशी असते. रव्यात, कणकेत, फरशीवर ज्या हाताने येईल त्या हाताने करू दे, पुढे मागे लिहायला लागला की कागद जरासा उजवीकडे कलता ठेवायचा आणि डावऱ्यांची कात्री आणायची, संपलं. अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढलं तर तेही सहा-सात वर्षांपर्यंत सगळ्याच मुलांचं होतं, डावरी असोत की उजवी. सासूबाईंना प्रसाद उजव्या हाताने घ्यायला शिकवते म्हणून सांग, तिथे तह होतो असा माझा अनुभव आहे.

मी हौसेने क्राफ्ट करते. ‘म’चा मोर, ‘ह’चा हत्ती, ‘फ’चं फुलपाखरू, सगळं कापून, चिकटवून झालं पण लेक (अडीच वर्षं) दोन मिनिटं बघते आणि निघून जाते, नाहीतर फेव्हिकॉल बोटांवर वाळवून सोलत बसते. तिला आवडच नाही की काय? आणि घरात आता या क्राफ्टचा ढीग झालाय, टाकवत नाही.
– एक आई, पुणे

मोर सुंदर झाला असणार यात मला शंका नाही, पण तो तुझा मोर आहे. कापलं तू, रंगवलं तू, डोळा तू काढलास, तिच्या वाट्याला काय आलं? पिसाऱ्यावर एक बोट. त्यापेक्षा तो फेव्हिकॉल सोलणं तिला जास्त आवडलं कारण ते पूर्णपणे तिचं काम होतं, आणि बारीक बोटांचा उत्तम व्यायाम आहे तो, माझं ऐकशील तर त्यालाच क्राफ्ट म्हण.

अडीच वर्षांच्या मुलाला खरं येतं काय, तर फाडणं, चुरगाळणं, थापणं, ठसे उमटवणं आणि चिकटवणं. मग तेवढंच वापर. ‘म’ तू मोठा काढ, एक पानभर, जाड मार्करने, आणि तिला रंगीत मासिकाचे कागद फाडायला दे. फाडलेले तुकडे तिनेच ‘म’वर चिकटवायचे, रेघेबाहेर गेले तर गेले, उलटे लागले तर लागले. मध्ये बोट घालून सरळ करायचा मोह तुला होणार, त्या वेळी चहा करायला उठ. भेंडीच्या देठाकडच्या टोकाचा ठसा फुलासारखा येतो, अर्ध्या बटाट्याचा गोल येतो. बटाट्यात अक्षर कोरायचं असेल तर उलटं कोर, नाहीतर ठसा उलटा उमटतो, मी एकदा वीस मुलांसाठी वीस ‘ग’ कोरले आणि सगळेच्या सगळे उलटे उमटले, मग त्या दिवशी आम्ही नुसतेच बटाटे आपटले.

गोंदाचं म्हणशील तर घरी खळ कर. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मंद आचेवर ढवळत राहा, चकाकी येऊन घट्ट झालं की झालं. पूर्वी पतंगाला आणि पाकिटांना हीच लावायचे. पोटात गेली तरी काळजी नाही, बोटाने फासता येते, आणि वाळल्यावर सोलताही येते, म्हणजे तिची मुख्य आवड सुटत नाही. दोन दिवसांवर ठेवू नकोस, आंबते.

आणि ढीग. फ्रीजवर एका वेळी दोनच लाव, नवीन आलं की जुनं उतरव, फार लाडकं असेल त्याचा मोबाईलवर फोटो काढ, बाकीचं खुशाल रद्दीत दे, तुझा मोरसुद्धा. फक्त ती झोपल्यावर, आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घाल. सगळ्यात वरचा कागद ही मुलं लांबून ओळखतात.